तीनवाटेचे नारळ

मंगलने साडीच्या आत ट्रॅकपँट घातली आहे, हे कुंडलच्या त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. वरून हिरवी काठाची साडी, डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि पायात मात्र लेकीने पुण्याहून धाडलेले डोंगरात चालायचे बूट. बूट दिसू नयेत म्हणून साडी चांगली घोळदार खाली सोडलेली. त्यापायी सकाळपासून ती उंबऱ्याला दोनदा अडखळली होती. पण साडीवाचून इलाज नव्हता. बायका ओटी भरायला आल्या होत्या, आणि ट्रॅकपँटला पदर नसतो.

तसं पाहिलं तर गोष्ट साधी होती. पाटणच्या पलीकडे, डोंगराच्या पार माथ्यावर तीनवाट नावाचा माळ आहे. तिथून एक पायवाट निघते आणि सह्याद्रीच्या धारेधारेने, रानातून, खडकाळ सड्यांवरून आठ दिवस चालत राहते. सांगलीचा एक गट दरवर्षी थंडीत ती वाट चालायचा. लेकीने, प्रांजलने, आईला न विचारता तिचं नाव घातलं आणि मग फोन केला. "आई, तू रोज पहाटे कारखान्याच्या रस्त्यानं चालतेसच की. तेच जरा उंचावर चालायचं."

त्या फोनपासून मंगलची झोप उडाली, पण ती भीतीने नव्हे. जन्मभर ती चाललीच होती. विहिरीला, भांगलणीला, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधाबांधाने. प्रत्येक चालण्याच्या टोकाला एखादं काम कमरेवर हात ठेवून तिची वाट बघत उभं असायचं. हे पहिलंच चालणं असं की त्याच्या टोकाला काही म्हणजे काही नव्हतं. नुसतं आभाळ. भाकरी थापता थापता तिला ते आठवायचं आणि एकटीलाच हसू फुटायचं.

हे "काही नाही" गल्लीला समजावून सांगणं मात्र तिला जमलं नाही. शेजारच्या बनुबाईने आठवड्यापूर्वी सरळ विचारलं होतं, "कुठल्या देवाला निगालीस?"

"देवाला न्हाई मावशी. नुसतं चालायचं हाय."

"नुसतं?"

"नुसतं."

बनुबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आठ दिस नुसतं कोण चालतंय, बाई? त्येबी पैसं भरून? सांगत न्हाईस म्हंजी नवस कडक आसणार." आणि आत जाऊन ती नारळ घेऊन आली. "माझ्या नावानं येवढा एक फोड. आमच्या सुनंचं दिस भरत आल्यात, त्येला म्हणून."

त्या क्षणी मंगलने नको म्हणायला हवं होतं. पण सुनेचे दिवस भरत आलेल्या बाईला नको कसं म्हणायचं? तिने हात पुढे केले. तिथेच सगळं चुकलं.

कारण देवाच्या नावाचा नारळ एकदा हातात घेतला की तो परत करता येत नाही. भुईला टेकवता येत नाही. आमटीत घालता येत नाही. तो पोचवावाच लागतो. बनुबाईचा घेतला म्हणून मग लालासाहेबाच्या आईचा घेतला, तिचा घेतला म्हणून बचत गटाच्या बायकांचे घेतले. इस्लामपूरला माहेरी बातमी गेली, तर भावजयीने येणाऱ्याच्या हाती अख्खं पोतं पाठवलं, वर निरोप: आळीतल्या सगळ्यांचे आहेत, कुणाचा विसरू नकोस. निघायच्या दिवशी सकाळी दारात तीन पोती उभी होती. भुईला टेकू नयेत म्हणून पाटावर.

तानाजी, म्हणजे मंगलचा नवरा, त्या पोत्यांभोवती दोन फेऱ्या मारून थांबला. सतरा वर्षं फौजेत गाडी चालवून आलेला माणूस. आता ऊस लावतो. पण पाडव्याला घेतलेली छोटी पांढरी गाडी ही त्याची खरी बागायत. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. सांगलीहून गटाची बस सुटत होती, पण "दारात गाडी आसताना माझी बायको भाड्याच्या गाडीत जाईल व्हय?" असं म्हणून त्यानेच मंगलला पोचवायचं अंगावर घेतलं होतं.

"ही गाडी हाय का ट्रॉली?" तो म्हणाला.

"आवं, देवाचं हाय."

"देव ऱ्हातुय डोंगरावर. तिथवर सायलेन्सर घासत न्यायचा का?"

दोन पोती डिकीत गेली, तिसरं मागच्या सीटवर. मंगलने त्याला बेल्ट लावला, कारण सैल पोतं वळणावर कलंडलं तर नारळ खाली पायाशी पडणार. तानाजीने वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं. "बसली बग," तो खिन्नपणे म्हणाला. "बाळंतिणीगत बसली."

"तुमी लेहला तीन टनी फौजी गाडी चालवलीय ना बर्फात? रोज सांगता."

फौजी माणसाने डिकी आपटून लावली. बायकांनी ओटी भरली, बनुबाईने मंगलच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि जात्यावर बसल्यासारखी हळूच गळ्यात ओवी आणली:

"चालली माझी सई डोंगराच्या माहेराला,
वाऱ्या माझ्या दादा, ऱ्हा गं तिच्या सोबतीला."

"दादाला गं म्हणत्यात व्हय?" कुणीतरी हसलं.

"माझा वारा हाय, मी काय बी म्हणीन."

गाडी हलली.

मंगलची घालमेल मात्र गाडी हलल्यावर सुरू झाली. गटाचे म्होरके वीरधवल सर. त्यांनी फोनवर साफ सांगितलं होतं: तीनवाटेवर अकराला मोजणी, मोजणी झाली की चालायला सुरुवात. पहिला मुक्काम उजेडात गाठायचा असतो. "उशीर झाला तर मी थांबत नाही, ताई. माझ्या सख्ख्या मेहुण्यासाठी थांबलो नव्हतो." तो मेहुणा आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं.

कराडच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की आभाळाला कुंपण घातल्यासारखा. डावीकडून जागा नाही, उजवीकडून समोरून तसाच दुसरा. त्याच्या मागून बैलाच्या चालीने जाताना मंगलने तीनदा घड्याळ पाहिलं.

"घड्याळाकडं बघून ट्रॅक्टर पळत न्हाई," तानाजी म्हणाला.

"हॉर्न तरी वाजवा."

"आपलाच ऊस आसंल त्यात. आपल्याच उसाला हॉर्न वाजवू?"

ट्रॅक्टर एकदाचा कारखान्याकडे वळला. कराड मागे पडल्यावर मंगलने साडीवरूनच लेकीचा लांब सदरा चढवला आणि आतून साडी ओढत ओढत बाहेर काढली, मांजराने दोरा ओढावा तशी. तानाजीची नजर बाजूला गेली, परत रस्त्यावर आली, परत बाजूला गेली.

"ही पँट कवा घातलीस?"

"सकाळी."

"म्हंजी ओटी पँटवर भरली?"

"ओटी पदरात भरली. पँट खाली होती. रस्त्यावर बगा."

त्याने आरसा उगाच नीट केला. मग म्हणाला, "बरी दिसतीया," आणि लगेच गिअर बदलला, जणू ते वाक्य गिअरनेच म्हटलं होतं.

पाटण गेलं. खोरं आवळत आलं. दोन्ही बाजूंनी डोंगर असे जवळ आले की काच खाली केली तर बोलतील. ज्वारीची शेतं संपली, नाचणीच्या खाचरांचे पायऱ्या-पायऱ्यांचे उतार लागले, आणि वाऱ्याला करवंदीच्या जाळीचा वास सुटला. मंगल खिडकीत नाक घालून बसली होती.

कोंडेवाडीला डांबर संपलं. आणि जिथे डांबर संपलं, तिथेच दगडावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर पिठाचा डबा. गाडी थांबायच्या आत तिने पुढचं दार उघडलंही.

"वर चाललाय न्हवं? पायरवाडीला सोडा. वरची गाडी मोकळी जात न्हाई आमच्यात."

"आजी, मोकळी कुठली? पोती हायती मागं," तानाजी म्हणाला.

"मग मी पुढं बसती." मंगल खाली उतरून मागे पोत्याशेजारी सरकेपर्यंत म्हातारी सीटवर स्थिरावली होती. धोंडुबाई तिचं नाव, पायरवाडी हे माथ्यावरलं शेवटचं गाव, गुडघे गेलेले, आणि एसी तिला पहिल्याच मिनिटाला आवडला. "ह्ये गार कुठनं येतंय?" तिने जाळीपुढे तोंड नेलं. "ऱ्हाऊ दे चालू. गुडघ्याला बरं वाटतंय."

पुढचा रस्ता हा रस्ता आहे असं सांगणारी एकच खूण होती: दोन चाकोऱ्या. मधे गवताचा उंचवटा, त्यात दडलेले दगड. पहिल्याच चढाला गाडीच्या पोटातून असा आवाज आला की तानाजीने दात आवळले, दुखणं त्यालाच झाल्यासारखं.

"मंगल, उतर."

"व्हय?"

"एक माणूस उतारलं की गाडी चार बोटं उचलती. खालचं तेलाचं चेंबर फुटलं तर हितंच ऱ्हायचं."

मंगल उतरली. गाडी उचलली, अलगद दगडावरून गेली. मंगल मागून चालत आली, परत बसली. शंभर पावलांवर दुसरा दगड. परत उतरली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आवं, त्या आजीला बी सांगा की."

"मी न्हाई उतरत," धोंडुबाई पुढूनच म्हणाली. "वाळकी मी. माझं वजन काय? त्या पोत्याला उतरवा."

"पोत्यात देवाचं नारळ हायती. भुईला ठेवत न्हाईत."

"मग ती बी बसू द्यात. मी बी बसती."

असा तो निवाडा झाला. नारळ बसले, धोंडुबाई बसली, आणि जिच्यासाठी गाडी निघाली होती ती खाली उतरून चालू लागली. पाचव्या दगडानंतर परत बसण्यात काही अर्थ उरला नाही. मंगल गाडीच्या पुढे पुढे चालली, आणि मोठा दगड आला की हात वर करून "डावीकडनं घ्या, आजून, आजून, बास" असं सांगू लागली.

खरं सांगायचं तर तिला मजा येऊ लागली होती. गाडी मागे धापा टाकत होती, क्लचचा करपलेला वास सुटला होता, आणि ती मात्र नव्या बुटांनी लाल मातीवर पावलं उमटवत वळणामागून वळण घेत होती. रानात कुठेतरी कोकीळ चुकीच्या महिन्यात ओरडत होता. अंजनीचे निळे झुबके रस्त्यावर ओणवले होते. फक्त घड्याळ मधेच डंख मारायचं. साडेदहा. मोबाईल काढला, तर रेंजची एक काडी, तीही मिणमिणती, आणि बघता बघता विझली.

"चला की ओ लवकर," ती मागे वळून ओरडली. "सर जातील. त्यांनी मेहुणा सोडला हुता."

"मी काय गाडी खांद्यावर घेऊ?" आतून आवाज आला.

शेवटच्या अवघड वळणावर, जिथून वरच्या माळाचं पिवळं गवत दिसत होतं, तिथे तो काळा दगड होता. चाकोऱ्यांच्या बरोबर मधोमध, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. मंगलने हात वर केला. तानाजीने वेग घेतला, कारण चढावर थांबलं तर परत निघायचं कसं? पुढची चाकं पार गेली. मग "खर्रर्र" झालं, आणि गाडी त्या दगडाच्या पाठीवर पोट टेकवून शांत बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरली. पुढे नाही, मागे नाही.

तानाजीने इंजिन बंद केलं. रानातली शांतता गाडीत शिरली.

"एसी गेला," धोंडुबाई म्हणाली.

तानाजी खाली उतरून गुडघ्यांवर बसला, मग पोटावर झोपला. उठला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर लाल माती आणि तोंडावर सुतक होतं. "चेंबर शाबूत हाय. पण वजन काढल्याबिगर हलत न्हाई."

"मी पळत जाती वर," मंगल म्हणाली. "माझी पिशवी द्या."

"जा की. पर ही पोती? तुझ्या नावानं दिलीत लोकांनी."

मंगलने पिशवी उचलली. खाली ठेवली. वर माळ, तिथे सर, तिथे आठ दिवसांची वाट. आणि इथे बनुबाईच्या सुनेचा नारळ. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यात एकदा काहीही कारण नसताना चालायला निघावं, तर कारणांची तीन पोती पाठीस लागावीत?

तेवढ्यात खालच्या वळणावरून हॉर्न वाजला. लांबलचक, रागावलेला.

धुळीच्या ढगातून एक छोटी बस वर आली आणि पांढऱ्या गाडीच्या मागे हातभरावर थांबली. रस्ता एका गाडीचा, तो यांनी अडवलेला. बसचं दार उघडून एक उंच गृहस्थ उतरले. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, हातात दोन काठ्या, आणि चेहरा तापलेल्या तव्यासारखा.

"कुणाची गाडी आहे ही? काही अक्कल? ही काय गाडी आणायची जागा आहे का? वर माझी मोजणी आहे अकराला. आधीच त्या उसाच्या ट्रॅक्टरनं घोळ घातलाय."

तो आवाज मंगलने फोनवर ऐकलेला होता. तिने डोळे पुसले, सदरा खाली ओढला आणि पुढे झाली.

"सर, नमस्कार. मी मंगल. कुंडलची."

वीरधवल सर थांबले. "म्हणजे आमच्याच गटातल्या?"

"व्हय सर. मी वेळेवर हाय."

"वेळेवर? वेळेवर म्हणजे तीनवाटेवर, ताई."

"तुमी म्हणला हुता, उशीर झालेल्यासाठी थांबत न्हाई." मंगल अगदी नम्रपणे म्हणाली. "मग काय करू आता? आमी थांबावं का तुमच्यासाठी?"

बसच्या खिडक्यांतून हसू सांडलं. सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि न वाजवताच परत काढली.

बसमधून पंचवीस-तीस माणसं उतरली. डॉक्टर, बँकेतले, दोन मास्तरणी, आणि गटाची व्यवस्था बघणारी स्वप्नाली नावाची तरतरीत मुलगी. सगळ्यांनी मिळून ढकललं. गाडी हलली नाही. "डिकीत काय आहे?" स्वप्नालीने विचारलं, आणि झाकण वर करून बघतच राहिली.

"वर स्वयंपाकाला आणलेत का?"

"आवं, न्हाई, देवाचं हायती," मंगल घाईने म्हणाली. "भुईला टेकवू नका."

"कुठल्या देवाचे?"

हाच प्रश्न मंगल आठवडाभर टाळत आली होती. तिने पोत्याचं तोंड उगाच आवळलं. सर म्हणाले, "तीनवाटेवर देऊळ वगैरे काही नाही. नुसता माळ आहे."

"म्हंजी वर न्हेऊन बी फोडायचं कुठं?" तानाजीने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात पुढच्या सीटवरून, दार अर्धवट उघडं ठेवून, धोंडुबाई बोलली. तिला घरी जायचं होतं, ऊन चढत होतं आणि एसी बंद होता. "देव पायजे व्हय तुमास्नी? मग ह्यो काय पोटाखाली बसलाय. येवढी मोटार जाग्यावर धरली, आजून काय दाखवायचं त्येनं? फोडा त्येच्या म्होरं आणि चला."

कायदा बघायला गेलं तर त्यात खोट काढता आली असती. पण निवाडा देणारी बाई त्या डोंगरातली होती आणि खोट काढणारं कुणी नव्हतं. मंगलने दगडाच्या पुढे आलेल्या तोंडावर चूळभर पाणी शिंपडलं, ओटीतलं कुंकू लावलं, आणि पहिला नारळ उचलला.

"बनुबाई. सुनंचं बाळंतपण सुखाचं हू दे."

नारळ फुटला. पाणी काळ्या दगडावरून चमकत खाली गेलं.

दुसरा, तिसरा. मंगल डोळे मिटून मनातल्या मनात कुंडलची गल्ली चालू लागली. डावीकडचं पहिलं दार, उजवीकडचं निळं, पिठाची चक्की, वळणावरचं पत्र्याचं. एकेका दारात थांबावं, नाव घ्यावं, मागणं सांगावं आणि हात आपटावा. लालासाहेबाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन. पप्पूची भरती. कुणाची म्हैस गाभण राहावी, कुणाच्या नवऱ्याने बोलायला लागावं, एकीच्या नवऱ्याने बोलायचं थांबावं. बसमधली ती माणसं आधी हसत होती, मग हळूहळू हसायची थांबली. एका मास्तरणीने विचारलं, "मी फोडू का एक? माझ्या लेकीचा व्हिसा अडकलाय." मग डॉक्टरांनी हात पुढे केला. मग रांग लागली. वीरधवल सर काठ्या बाजूला ठेवून नारळ पुरवू लागले, आणि एक नारळ त्यांनी जरा आडोशाला वळून फोडला. "मेहुण्याचा," ते पुटपुटले.

पोती रिकामी होत गेली तशी गाडी बोटबोट उचलत गेली. पण इकडे दुसरंच झालं. नारळाचं एवढं पाणी उतारावरून थेट मागच्या चाकांखाली गेलं आणि लाल मातीचा लोण्यासारखा चिखल झाला. तानाजीने इंजिन लावलं. चाकं फिरली आणि ढकलणाऱ्या बँकवाल्यांच्या तोंडावर रंगपंचमी झाली.

"आता?" सर म्हणाले.

"शेंड्या घाला की चाकाखाली," मंगल म्हणाली. "न्हाईतर करवंट्या. देवाचं देवाला पोचलं, शेंडी आपली."

पोतं-पोतं शेंड्या आणि फुटलेल्या करवंट्या चाकांखाली दाबल्या. तानाजीने पहिला गिअर टाकला. गाडी गुरगुरली, उचलली, दगडाच्या पाठीवरून वीतभर सरकली आणि अगदी शेवटच्या टोकाला, बोटभर राहिलं असताना, परत टेकली.

"डिकीत आणखी काही आहे का?" सरांनी विचारलं.

"न्हाई," तानाजी म्हणाला.

मग त्याने मान खाजवली. मंगलकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. खाली उतरून तो मागे गेला, डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी बाजूला केली, आणि स्टेपनीच्या खड्ड्यातून फौजेतल्या जुन्या हिरव्या टॉवेलात गुंडाळलेला एक नारळ बाहेर काढला.

एका नारळाने गाडी उचलत नाही, हे सतरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं नव्हतं.

"ह्यो कुणाचा?" मंगलने विचारलं.

"फोडून टाक."

"नाव घेतल्याबिगर कसा फोडू?"

"गाडीचा हाय."

"गाडीचं काय मागणं?"

तानाजी टॉवेलाची घडी घालू लागला. घडी नीट जमेना. "काय न्हाई," तो टॉवेलाशी बोलल्यासारखा म्हणाला. "आता परत जाताना पुढची शीट रिकामी जाणार. आठ दिसांनी ती भरलेली ऱ्हाऊ दे, येवढंच म्हणलं."

"रिकामी कुठं हाय?" आतून धोंडुबाई म्हणाली. "मी बसलीया की."

मंगलने नारळ हातात घेतला. त्याचं नाव तिने मोठ्याने घेतलं नाही, पण ओठ हलले. नारळ दगडावर फुटला तो बरोबर दोन सारखी भकलं होऊन. एक तिने तानाजीच्या हातात दिलं, एक स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग तिने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, डॉक्टरांना बाजूला सारलं आणि गाडीच्या पाठीला खांदा लावला.

या वेळी गाडी गेली. शेंड्यांवरून, करवंट्यांवरून, कड्डकड्ड करत, त्या काळ्या पाठीवरून पार. तानाजीने थांबायची हिंमत केली नाही. पांढरी गाडी शेपटीला धुळीचा पदर सोडून माळाकडे चढत गेली. खिडकीतून धोंडुबाईचा हात बाहेर आला आणि कुणालातरी, बहुतेक दगडाला, टाटा करून आत गेला.

बसवाल्याने वाकून त्या दगडाकडे एकदा बघितलं आणि बस पुढे न्यायला साफ नकार दिला.

वीरधवल सरांनी घड्याळ पाहिलं. अकरा कधीच होऊन गेले होते. त्यांनी शिट्टी वाजवली. "मोजणी इथंच. चालायला सुरुवात इथूनच. तोंडात काय आहे ते आधी गिळा."

कारण सगळ्यांच्या तोंडात खोबरं होतं. ओटीतला कुंडलचा गूळही हातोहात फिरला होता.

मंगलने पिशवी पाठीला अडकवली. वर पिवळ्या गवतावरून वारा उतरत होता, आणि उरलेल्या चढाच्या टोकाला, नेहमीप्रमाणेच, कुणीतरी कमरेवर हात ठेवून तिची वाट बघत उभं होतं. पण या खेपेला ते काम नव्हतं. गाडीला टेकून, एका हातात खोबऱ्याचं भकल धरून तानाजी उभा होता, आणि आतून एसी लावायला सांगणाऱ्या धोंडुबाईला हाताने थांब म्हणत होता.

ती त्याच्याजवळून चालत गेली, थांबली नाही. नुसतं म्हणाली, "घरी जाताना सावकाश जावा. गाडी आता हलकी हाय."

"तुझ्याबिगर हाय म्हणून सावकाश जाईन," तो म्हणाला. "न्हाईतर काय, तीन टनी चालवलीय मी."